डागाची साक्ष

मराठी आणि उर्दू या दोन भाषांत पुष्कळ शब्द सारखे आहेत. पण सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. उर्दूतली किताब म्हणजे पुस्तक, तर मराठीतला किताब म्हणजे मानाची पदवी. उर्दूत खून म्हणजे अंगात वाहणारे रक्त, तर मराठीत खून म्हणजे माणसाचा जीव घेणे. दरवर्षी एखादा विद्यार्थी निबंधात लिहितोच की, मी सायकलवरून पडलो आणि माझ्या गुडघ्यातून खून आला. वह्या तपासताना मला हसू येते. हे दोन्ही अर्थ जिथे एकमेकांना भेटतात, अशी एक जागा मात्र आहे. ती म्हणजे न्यायालय. तिथे रक्ताच्या एका डागावर माणसाचे आयुष्य अवलंबून असू शकते.

आपण अशी कल्पना करू. गडचांदूरहून माणिकगडच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर पोलिसांनी एका माणसाला थांबवले आहे. त्याच्या हातात कुऱ्हाड आहे. कुऱ्हाडीच्या पात्यावर आणि त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर काळपट तांबडे डाग आहेत. त्याच सकाळी जवळच्या रानात एक मृतदेह सापडला आहे. हा माणूस सांगतो की मी बिजाचे झाड तोडत होतो. तुमच्यापैकी ज्यांचे घर रानाजवळ आहे त्यांना ठाऊक असेल की बिजाच्या खोडावर घाव घातला की तांबडा चीक पाझरतो. वाळला की तो रक्तासारखाच दिसतो. मग हे डाग चिकाचे की रक्ताचे? रक्ताचे असतील तर माणसाच्या की कोंबडीच्या? माणसाच्या असतील तर कोणत्या माणसाच्या? तो माणूस खरे बोलत असेल आणि आपण त्याचे ऐकले नाही, तर एका निरपराध माणसाचा, तुमच्या भाषेत एका बेगुनाहाचा, बळी जाईल.

यातील शेवटच्या प्रश्नाचे पहिले उत्तर ज्यांनी शोधले, त्या शास्त्रज्ञाचे नाव कार्ल लँडस्टायनर. रक्तगट शोधणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. दवाखान्यात रक्त देण्यापूर्वी रक्तगट पाहतात तो त्यांच्यामुळेच. पण त्यांच्या शोधाची ही दुसरी, न्यायालयातली बाजू फारशी कोणी सांगत नाही.

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिच्याजवळ बाडेन या गावी झाला. त्यांचे वडील नावाजलेले पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. आईने एकटीने मुलाला वाढवले. त्या मायलेकांचा एकमेकांवर फार जीव होता. आईच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्याचा ठसा लँडस्टायनर यांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर जन्मभर टांगून ठेवला होता.

१८९१ मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टर झाले. दवाखाना थाटून पैसा मिळवण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. पण रोग्याच्या शरीरात नेमके काय घडते हे रसायनशास्त्र शिकल्याशिवाय कळणार नाही असे त्यांना वाटले. म्हणून डॉक्टर झालेला हा तरुण पुन्हा विद्यार्थी झाला आणि जर्मनी व स्वित्झर्लंड येथील नामांकित रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली काही वर्षे शिकला. व्हिएन्नाला परतल्यावर त्यांना शरीरविकृतिशास्त्राच्या विभागात साहाय्यकाची जागा मिळाली. काम होते शवविच्छेदनाचे, म्हणजे मृतदेह उघडून मृत्यूचे कारण शोधण्याचे. १८९८ ते १९०८ या दहा वर्षांत त्यांनी ३,६३९ शवविच्छेदने केली. सुट्ट्या न धरता हिशेब केला तरी रोज एक पडते! आणि हे सर्व करून उरलेल्या वेळात ते आपले प्रयोग करीत.

त्या काळी डाग पाहून काय काय सांगता येत होते, ते आधी समजून घेऊ. डाग रक्ताचा आहे की नाही, एवढे सांगण्याच्या काही पद्धती होत्या. १८५३ मध्ये टाइशमान या शास्त्रज्ञाने दाखवले की वाळलेल्या रक्तात मीठ आणि तीव्र ॲसेटिक आम्ल घालून तापवले, तर तपकिरी रंगाचे बारीक स्फटिक तयार होतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. झाडाच्या चिकापासून किंवा गंजापासून ते होत नाहीत. १८६३ मध्ये शोनबाइन यांनी आणखी सोपी पद्धत सांगितली. डागावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की रक्त असल्यास फसफसून फेस येतो. जखम धुताना कंपाउंडर बाटलीतले औषध ओततो आणि पांढरा फेस येतो, तो हाच. पण या चाचणीत फसगत होते. कच्च्या बटाट्याच्या कापावर तोच थेंब टाकून पाहा, तिथेही फेस येईल. म्हणून आजही प्रयोगशाळेत अशा झटपट चाचणीचा अर्थ इतकाच घेतात की हे रक्त असू शकते, पुढे तपासा. फेस आला नाही तर मात्र तो डाग रक्ताचा नसावा, असे समजून पुढचा शोध सुरू होतो.

डाग रक्ताचा आहे हे ठरले, तरी तो माणसाचा की जनावराचा हे १९०० सालापर्यंत खात्रीने सांगता येत नव्हते. बकरी ईदच्या दिवशी तुमच्या वडिलांच्या सदऱ्यावर उडालेला थेंब आणि माणसाच्या रक्ताचा थेंब वाळल्यावर शेजारी ठेवले, तर कोणालाही फरक सांगता येणार नाही. ही अडचण १९०१ मध्ये पॉल उलेनहुट या जर्मन शास्त्रज्ञाने दूर केली. त्यांनी सशाला माणसाच्या रक्ताची थोडी थोडी टोचणी दिली. सशाच्या शरीराने त्या परक्या रक्ताशी लढण्यासाठी प्रतिपिंडे तयार केली. मग सशाच्या रक्तातील वरचे स्वच्छ पाणी, म्हणजे रक्तद्रव, परीक्षानळीत घेतले आणि त्यात डागाचे पाणी मिसळले. डाग माणसाचा असेल तर द्रव गढूळ होतो. बकरीचा किंवा कोंबडीचा असेल तर तो तसाच स्वच्छ राहतो. माणसाच्या जवळची माकडे सोडली तर बाकी प्राण्यांच्या बाबतीत ही चाचणी चुकत नाही.

त्याच वर्षी जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावर दोन लहान भावांचा खून झाला. संशय एका सुतारावर होता. कपड्यांवरचे डाग लाकडाला लावायच्या रंगाचे आहेत असे त्याचे म्हणणे होते. आपल्या कुऱ्हाडवाल्याची गोष्ट आठवली ना? ते कपडे उलेनहुट यांच्याकडे गेले. काही डाग मेंढीच्या रक्ताचे निघाले आणि काही माणसाच्या. काही दिवसांपूर्वी त्याच भागात कोणी तरी मेंढ्या क्रूरपणे मारल्या होत्या. सुतार खोटा ठरला आणि त्याला शिक्षा झाली. पण मुलांनो, त्याचे म्हणणे खरे असते तर याच चाचणीने तो सुटला असता. चाचणी कोणाच्या बाजूची नसते.

आता लँडस्टायनर यांच्याकडे वळू. एका माणसाचे रक्त दुसऱ्याला दिले तर कधी रोगी वाचतो, कधी तडफडून मरतो, हे डॉक्टरांना माहीत होते. एकाच्या रक्तद्रवात दुसऱ्याच्या तांबड्या पेशी मिसळल्या तर त्यांच्या गुठळ्या होतात, हेही काहींनी पाहिले होते. पण ज्याच्या रक्तात असे होते तो आजारी असावा, अशी समजूत होती. लँडस्टायनर यांना ती पटली नाही. त्यांनी धडधाकट माणसेच घेतली, तीही लांबून नाही. स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील पाच सहकाऱ्यांचे रक्त त्यांनी काढले. प्रत्येकाचा रक्तद्रव आणि तांबड्या पेशी वेगळ्या केल्या. मग प्रत्येकाचा द्रव प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिला आणि निकाल एका तक्त्यात मांडला, जिथे गुठळी झाली तिथे अधिकची खूण, जिथे झाली नाही तिथे वजाची. इतकेच. तुमच्या वहीच्या एका पानावर मावेल असा हा तक्ता होता.

त्या तक्त्याकडे पाहताना त्यांच्या लक्षात आले की अधिक आणि वजा कसेही विखुरलेले नाहीत. कोणाचीही गुठळी स्वतःच्या रक्तद्रवात होत नाही. काही जणांच्या पेशी एकसारख्या वागतात. आणखी काही लोकांचे रक्त तपासून, एकूण बावीस जणांच्या रक्तावरून, १९०१ मध्ये त्यांनी लिहिले की माणसांच्या रक्ताचे ए, बी आणि सी असे गट आहेत. सी या गटाला पुढे ओ म्हणू लागले, आणि लँडस्टायनर यांचे स्वतःचे रक्त याच गटाचे होते. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या दोन सहकाऱ्यांना चौथा, एबी गट सापडला.

त्याच लहानशा लेखात लँडस्टायनर यांनी एक गोष्ट सहज जाता जाता नोंदवली आहे. कापडावर वाळलेले चौदा दिवसांचे रक्त पाण्यात भिजवले, तरी त्यातील द्रव गुठळ्या करतो, म्हणून गुन्ह्याच्या तपासात याचा उपयोग व्हावा. रोज मृतदेहांच्या सहवासात काम करणाऱ्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही. पुढे व्हिएन्नाच्या न्यायवैद्यक संस्थेतील माक्स रिश्टर यांच्याबरोबर त्यांनी या विषयावर खास काम केले आणि १९०३ मध्ये ते प्रसिद्ध केले.

वाळलेल्या डागावर गट ओळखणे ताज्या रक्ताइतके सोपे नसते. वाळताना तांबड्या पेशी फुटून जातात. ज्या पेशीच उरल्या नाहीत त्यांच्या गुठळ्या कशा दिसणार? यावर तोड अशी की उलट बाजूने जायचे. डागात द्रवातील प्रतिपिंडे शिल्लक असतात. डागाच्या खपलीचे दोन कण घ्यायचे. एकावर ए गटाच्या ताज्या पेशी घालायच्या, दुसऱ्यावर बी गटाच्या. ए च्या पेशींच्या गुठळ्या झाल्या आणि बी च्या नाही, तर डाग बी गटाच्या माणसाचा. दोन्हींच्या झाल्या तर ओ चा. ही पद्धत पक्की केली इटलीतील लिओने लातेस यांनी, १९१५ च्या सुमारास. त्यांच्याकडे आलेले एक प्रकरण मला फार आवडते, कारण त्यात खून नाहीच. ट्युरिन शहरातील एका गृहस्थाच्या सदऱ्यावर रक्ताचे डाग दिसले आणि बायकोच्या मनात संशय शिरला. डाग कसे पडले ते त्यालाही सांगता येईना. घरातील भांडण महिनोन्महिने मिटेना. शेवटी तो सदरा घेऊन लातेस यांच्याकडे गेला. त्यांनी डाग तपासले, नवऱ्याचे रक्त तपासले, बायकोचेही तपासले. डागाचा गट नवऱ्याच्या रक्ताशी जुळला. ते त्याचेच रक्त होते आणि घरात शांतता झाली.

इथे थोडे थांबा, कारण पुढचा मुद्दा परीक्षेत विचारला जात नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा कुऱ्हाडीवरचा डाग माणसाच्या रक्ताचा आणि बी गटाचा निघाला. मेलेल्या माणसाचा गटही बी. मग खुनी सापडला का? नाही. आपल्या देशात साधारण तीन माणसांत एकाचा गट बी असतो. तुमच्या साठ मुलांच्या वर्गात वीसेक मुले बी ची निघतील. कदाचित तो कुऱ्हाडवाला स्वतःच बी गटाचा असेल आणि लाकूड फोडताना त्याचे बोट कापले असेल. पण मेलेल्याचा गट ए असेल, तर? तर हा डाग त्याचा नाही, हे पक्के. म्हणजे रक्तगट हे या माणसाचे रक्त आहे असे कधीच ठामपणे सांगू शकत नाही. हे या माणसाचे रक्त नाही, एवढे मात्र ठामपणे सांगतो. ही साक्ष गुन्हेगाराला पकडण्यापेक्षा निरपराधाला सोडवायला जास्त उपयोगी आहे.

लँडस्टायनर यांना याची पूर्ण जाणीव होती. एवढ्यावर ते समाधानी नव्हते. दोन माणसांची बोटे जशी सारखी नसतात, तसे रक्तही सारखे नसावे आणि आपल्याला दिसतात त्याहून पुष्कळ अधिक फरक त्यात असावेत, असे त्यांना वाटे. ते शोधायचे होते. पण मध्ये दिवस कठीण आले. १९११ मध्ये ते प्राध्यापक झाले, पण त्या पदाला पगारच नव्हता! १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१८ मध्ये ऑस्ट्रिया हरला. व्हिएन्नात खायला अन्न नाही, शेकोटीला कोळसा नाही. घरी पत्नी आणि लहान मुलगा. पन्नाशी उलटलेल्या या थोर शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये देश सोडला आणि हॉलंडमध्ये द हेग येथील एका लहान इस्पितळात रोजच्या लघवी आणि रक्ताच्या तपासण्या करण्याचे काम पत्करले. त्यातूनही वेळ काढून त्यांनी संशोधन चालू ठेवले. १९२२ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले, तेव्हा कुठे हाल संपले. तिथे १९२७ मध्ये फिलिप लेव्हिन यांच्याबरोबर त्यांनी एम, एन आणि पी हे रक्तातील आणखी फरक शोधले. आता दोन बी गटाच्या माणसांमध्येही भेद करता येऊ लागला. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ शोधाला तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी आर-एच घटक शोधला. तुमच्या रक्तगटापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहितात, ते त्यावरून. बी पॉझिटिव्ह हा शब्द आता तुम्हाला वेगळा वाटेल.

२४ जून १९४३ रोजी, पंचाहत्तर वर्षांचे असताना, प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, २६ जूनला, संस्थेच्याच इस्पितळात ते वारले. त्यांचा जन्मदिवस १४ जून हा आज जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळतात.

त्यांच्या मागे हे काम थांबले नाही, आणि त्यातील एक पाऊल आपल्या महाराष्ट्रात पडले. १९५२ मध्ये मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विलक्षण रक्त आढळले. ते चारांपैकी कोणत्याच गटात बसेना. साध्या तपासणीत ते ओ सारखे दिसे, पण त्याचा द्रव ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी. या गटाला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. आपल्या देशात हा सुमारे दहा हजारांत एखाद्याचा असतो, युरोपात तर त्याहूनही फार क्वचित. डाग तपासणाऱ्याने घाई केली, तर असे रक्त ओ म्हणून नोंदले जाईल. तक्त्यातील एक खूण चुकली की साक्ष चुकते.

आता आपल्या जिल्ह्यात असा गुन्हा घडला तर काय होते? पोलीस पंचांसमोर पंचनामा करतात. ओला डाग उन्हात नाही, सावलीत वाळू देतात आणि कपडा कागदात गुंडाळून मोहोरबंद करतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि रक्त कुजते, म्हणून कागद. मग ती वस्तू न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाते. अशी एक प्रयोगशाळा नागपूरला आहे. कोणी डाग धुऊन टाकला असेल तरी ल्युमिनॉल नावाचे रसायन शिंपडून अंधारात पाहिले की रक्ताच्या जागी निळसर उजेड दिसतो. घाई झालेल्या गुन्हेगाराला हे कुठे ठाऊक असते!

आणि लँडस्टायनर यांना हवे होते ते रक्तातील वेगळेपणही अखेर सापडले. १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली. तांबड्या पेशींत केंद्रक नसते, म्हणून डागातील मूठभर पांढऱ्या पेशींतूनच हे डीएनए घ्यावे लागते. एकसारखी जुळी भावंडे सोडली तर दोन माणसांत ते सारखे नसते. खुनाच्या तपासात ही रीत पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा पोलिसांच्या ताब्यात सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने एका खुनाची कबुलीही दिली होती. सर्वांना वाटले, आता दुसरा खूनही त्याच्यावर सिद्ध होईल. तपासणीचा निकाल आला तेव्हा कळले की दोन्ही खून एकाच माणसाने केले आहेत, आणि तो माणूस हा मुलगा नाही. मुलगा १९८६ मध्ये सुटला. खरा गुन्हेगार पुढच्या वर्षी सापडला.